पडद्यावर ‘हीटिंग’, घरात गारठा: नवा थर्मोस्टॅट घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एडिसनला दोन मजली टाउनहाउस, बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस, म्हणजे हवा तापवून व्हेंटमधून घरभर पाठवणारी भट्टी. ऑक्टोबरमध्ये जुना थर्मोस्टॅट काढून तुम्ही स्वतः स्मार्ट थर्मोस्टॅट बसवलात. डिसेंबरपर्यंत सगळं सुरळीत. आता जानेवारीत ७० (फॅरनहाइट) वर लावूनही घर ६३-६४ च्या पुढे सरकत नाही. पडद्यावर दिवसभर ‘हीटिंग’ दिसतं, व्हेंटमधून कोमट वारा येतो. पहाटे आधी ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ येतं, मग कधीकधी पडदाच काळा होतो आणि दुपारपर्यंत आपोआप परत येतो. कंपनीने वॉरंटीत दुसरा थर्मोस्टॅट पाठवला, त्याचेही तेच रंग. नाशिकहून आलेले आईबाबा शाली पांघरून बसले आहेत. आता दुसऱ्या कंपनीचा तिसरा घ्यावा का?

घेऊ नका. एकाच भिंतीवर लागोपाठ दोन थर्मोस्टॅट सारखेच आजारी पडत असतील, तर दुखणं भिंतीमागे आहे. मी या भागात बरीच वर्षं फर्नेस आणि हीट पंप दुरुस्त करतो. कडाक्याच्या थंडीत ‘थर्मोस्टॅट गेला’ म्हणून जे फोन येतात, त्यांत थर्मोस्टॅट खरोखर गेलेला असतो असे थोडेच. घरातल्यांना तो एकटाच दिसतो, म्हणून आळही त्याच्यावरच.

आधी रचना समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. फर्नेसच्या पोटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो घरातली १२० व्होल्ट वीज २४ व्होल्टवर आणतो. त्यातली एक तार, ‘आर’, थर्मोस्टॅटपर्यंत येते. घर थंड झालं की थर्मोस्टॅट ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ आतल्या आत जोडतो, २४ व्होल्ट ‘डब्ल्यू’वरून खाली परततात आणि फर्नेसच्या बोर्डाला कळतं की उष्णता हवी आहे. ‘वाय’ एसीची तार, ‘जी’ पंख्याची, आणि ‘सी’ ही परतीची सामाईक तार, जिच्यावर आपण पुढे येणारच आहोत. इतकंच. वायफाय, ॲप, रंगीत पडदा असं सगळं असलं तरी फर्नेसच्या दृष्टीने हा एक चालू-बंदचा स्विच आहे. पडद्यावर ‘हीटिंग’ दिसलं म्हणजे मागणी केली गेली. बोर्डाला ती पोचली का, ज्योत लागली का, लागलेली टिकली का, हे थर्मोस्टॅटला कळायला मार्ग नाही. तो फक्त हवेचं तापमान बघत बसतो.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. ८० वर नेल्याने घर लवकर तापत नाही. शेगडीचं बटण मोठं केलं की ज्योत वाढते, तसं इथे होत नाही. दोन टप्प्यांची फर्नेस असेल तर दुसरा टप्पा जरा लवकर लागेल, एवढाच फरक. आईबाबांना हे नक्की सांगा, कारण ८० वर नेऊन विसरलेला थर्मोस्टॅट मला दर हिवाळ्यात भेटतो.

आता हत्यार हातात न घेता बघण्याच्या दोन-तीन गोष्टी. आपल्याकडच्या, म्हणजे ईशान्य अमेरिकेतल्या, पुष्कळ घरांत बेसमेंटच्या जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीचा स्विच असतो. तो दिव्याचा नव्हे, फर्नेसचा. घरात पाहुणे असले की कोणीतरी दिवा समजून तो बंद करतंच. दुसरं, फर्नेसचं खालचं पॅनेल. त्याच्या मागे एक डोअर स्विच असतो. फिल्टर बदलताना पॅनेल जरा तिरकं बसलं की तो दाबला जात नाही आणि सगळी वीज तुटते.

तिसरं, ‘अवे’ मोड. तुम्ही दोघं कामाला निघालात की ॲपला ठाऊक असलेले दोन्ही फोन घराबाहेर जातात. आईबाबांचे फोन त्या ॲपमध्ये नसतातच. घर रिकामं आहे असं धरून थर्मोस्टॅट ६२ वर उतरतो. काही मॉडेलांत माणसांची हालचाल टिपणारा सेन्सर असतो, पण थर्मोस्टॅट जिन्याजवळच्या बोळात आणि आईबाबा हॉलमध्ये टीव्हीसमोर असतील तर त्यालाही पत्ता लागत नाही. संध्याकाळी तुम्ही घरी येता तोवर थर्मोस्टॅट पुन्हा ७० वर गेलेला असतो आणि ‘तुम्हालाच थंडी जास्त वाजते’ असा वाद होतो. तुमच्या पडद्यावर दिवसभर ‘हीटिंग’ दिसतं, म्हणजे मुख्य चोर हा नाही. तरी पाहुणे असेपर्यंत फोनवरून ठिकाण ओळखण्याची सोय आणि आपोआप वेळापत्रक शिकण्याची सोय, दोन्ही बंद ठेवा.

आता खरी चाचणी. दोष तारेच्या वरच्या टोकाला आहे की खालच्या, हे ती पाच मिनिटांत सांगते. फर्नेसचा स्विच बंद करा. थर्मोस्टॅटचा पुढचा भाग भिंतीवरच्या पट्टीवरून काढा. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’च्या तारा सोडवून एकमेकींना जोडा आणि फर्नेस चालू करा. तारा बारीक, रंगीबेरंगी आणि फोनच्या जुन्या वायरीसारख्या असतील तरच हे करायचं. जाड तारा आणि त्यांवर पिळून बसवलेल्या टोप्या दिसल्या तर हात लावू नका. ते विजेच्या बेसबोर्ड हीटरचं १२० किंवा २४० व्होल्टचं काम आहे, आणि २४ व्होल्टचा स्मार्ट थर्मोस्टॅट तिथे चालतच नाही.

जोडल्यावर बेसमेंटमध्ये उभं राहून ऐका. आधी इन्ड्यूसरचा, म्हणजे धूर बाहेर ढकलणाऱ्या छोट्या पंख्याचा आवाज. मग इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारी कांडी, लालभडक होतो. मग गॅस व्हॉल्व्हची टिक, ज्योत, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटाने मोठा पंखा. हा क्रम पूर्ण झाला आणि पंधरा-वीस मिनिटं ज्योत टिकून हवा छान गरम आली, तर फर्नेस निर्दोष, दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत. क्रम मध्येच तुटला तर थर्मोस्टॅट निर्दोष, फर्नेस बघायची. तारा तशाच जोडून झोपायला मात्र जाऊ नका. थांब म्हणायला कोणीच नसतं, घर तापतच राहतं.

माझा अंदाज, तुमचा क्रम मध्येच तुटेल. वारा येतोय पण कोमट, आणि तोही तासन्‌तास, हे लक्षण बहुधा हाय लिमिट स्विचचं. फर्नेसमधला हीट एक्स्चेंजर प्रमाणाबाहेर तापला की हा स्विच बर्नर बंद करतो, पंखा चालू ठेवतो म्हणजे आतली उष्णता निघून जाईल. काही मिनिटांनी निवलं की पुन्हा ज्योत, पुन्हा तापणं, पुन्हा बंद. वर थर्मोस्टॅटला यातलं काही माहीत नाही, तो बिचारा दिवसभर मागणी लावून बसलेला. (पंखा ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’वर असेल तरी मधूनमधून गार वारा लागतो. ते आधी बघून घ्या.)

लिमिट पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हवा कोंडणं, आणि हवा कोंडण्याचं सगळ्यात मोठं कारण फिल्टर. जून २०२३ मध्ये कॅनडाच्या वणव्यांचा धूर न्यू जर्सीवर आला, तेव्हा बऱ्याच घरांत मर्व्ह १३ चे दाट फिल्टर आले (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचं माप) आणि तेच चालू राहिले. एक इंच जाडीच्या खाचेत असा फिल्टर बसवला आणि तीन-चार महिने बदलला नाही, तर पंख्याला श्वास घेता येत नाही. तुम्ही थर्मोस्टॅट ऑक्टोबरमध्ये बसवलात. फिल्टर कधी बदलला ते तुमच्या पत्रात नाही. दुसरं कारण, ‘वापरात नसलेल्या’ खोल्यांचे बंद केलेले व्हेंट. त्याने गॅस वाचत नाही, फर्नेस गुदमरते. तिसरं, घरातली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या ‘रिटर्न’च्या मोठ्या जाळीसमोर टेकवलेल्या पाहुण्यांच्या गाद्या आणि मोठ्या बॅगा. हसू नका, हे फार वेळा सापडतं.

पडताळा सोपा आहे. फिल्टर काढून अर्धा तास फर्नेस चालवा. ज्योत न विझता घर तापू लागलं तर रोग सापडला. नवा मर्व्ह ८ चा फिल्टर आणा, बाणाची दिशा फर्नेसकडे ठेवा. मांस भाजताना वापरतात तो थर्मामीटर घरात असेल तर आणखी एक मोजमाप घ्या: फर्नेसजवळच्या पुरवठ्याच्या डक्टमधल्या आणि रिटर्नच्या हवेतला फरक. फर्नेसच्या आतल्या पाटीवर ‘टेम्परेचर राइज’ म्हणून एक पट्टा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३५ ते ६५ अंश. फरक त्याच्या वर गेला तर हवा कमी पडते आहे. खाली राहिला आणि घर थंड असेल, तर ज्योतच पुरेशी लागत नाही.

फिल्टरने फरक पडला नाही तर खालच्या पॅनेलच्या छोट्या काचेतून बोर्डावरचा दिवा बघा. तो ठरावीक वेळा लुकलुकतो आणि त्या संख्येचा अर्थ पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या. एक विनंती: वाचण्याआधी स्विच बंद-चालू करू नका. अनेक बोर्डांवर त्याने कोड पुसला जातो आणि येणाऱ्या मेकॅनिकला पहिल्यापासून शोधावं लागतं.

ज्योत लागून काही सेकंदांत विझते, पुन्हा लागते, पुन्हा विझते, असं दिसलं तर फ्लेम सेन्सर मळला आहे. ज्योत खरंच लागली आहे हे ओळखून गॅस चालू ठेवणारी ती बारीक सळई. काही प्रयत्नांनंतर बोर्ड कुलूप लावतो आणि बहुतेक फर्नेसवर तासाभराने पुन्हा प्रयत्न करतो. बारीक स्टील वूलने सळई पुसली की काम होतं. पण बर्नरच्या डब्यात हात घालण्याची सवय नसेल तर हे मेकॅनिकवर सोडा. इन्ड्यूसर फिरतो आणि पुढे काहीच होत नाही, असं असेल तर घराबाहेर जाऊन भिंतीतून निघालेले पांढरे पीव्हीसी पाइप बघा. बर्फ साचून त्यांची तोंडं बुजली की धुराची वाट मोकळी आहे का ते बघणारा प्रेशर स्विच फर्नेसला पेटू देत नाही.

आता काळा पडदा. हे तुमचं दुसरं, वेगळं दुखणं आहे, पण पहिलं त्याला खतपाणी घालतंय असं मला वाटतं.

जुन्या थर्मोस्टॅटला वीज जवळपास लागतच नव्हती, फार तर दोन पेन्सिल सेल. म्हणून जुन्या घरांत ‘सी’ तार जोडलेलीच नसते. स्मार्ट थर्मोस्टॅटला पडदा आणि वायफाय सतत चालवायचं असतं. ‘सी’ नसली की काही मॉडेलं ‘डब्ल्यू’ किंवा ‘वाय’च्या सर्किटमधून, फर्नेसला जाग येणार नाही इतपत, थोडा थोडा प्रवाह उचलून आतली बॅटरी भरतात. ऑक्टोबरमध्ये हे छान जमतं, कारण फर्नेस दहा मिनिटं चालते आणि तासभर स्वस्थ असते. जानेवारीत मागणी सुटतच नाही. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ जोडलेले असताना त्यांच्यात उचलण्यासारखं व्होल्टेजच उरत नाही. क्षणभर सर्किट तोडून जेवढं मिळेल तेवढं. काही मॉडेलं अशा वेळी ‘वाय’वरून भागवतात, पण ती तार नसेल किंवा एसीच्या बाजूचं सर्किट कुठे तुटलेलं असेल तर तीही वाट बंद. तुमच्याकडे लिमिट पडतोय, म्हणून मागणी दिवसरात्र चालू, म्हणून बॅटरी रिकामी. दोन थर्मोस्टॅट सारखेच का वागले याचं उत्तर मला इथे दिसतं.

काळ्या पडद्याची कारणं कशी वेगळी ओळखायची? आधी वायफाय गेलं, मग पडदा मंद झाला, मग काळा पडला, तर बॅटरी. वायफाय हा सगळ्यात जास्त वीज खाणारा भाग, म्हणून थर्मोस्टॅट आधी त्यावरच पाणी सोडतो. गूगलच्या नेस्ट थर्मोस्टॅटच्या लर्निंग मॉडेलात सेटिंग्जमधल्या तांत्रिक माहितीत बॅटरीचं व्होल्टेज दिसतं. ३.८ च्या आसपास असेल तर ठीक, ३.६ च्या खाली गेलं की तो जोडण्या सोडू लागतो. ज्या मॉडेलला पाठीमागे यूएसबीचं तोंड आहे ते दोन तास चार्ज करून लावा. पुढचे एक-दोन दिवस नीट चाललं आणि पुन्हा कोसळलं, तर निदान पक्कं. वायफाय गेल्यामुळे हीट गेली, असं मात्र समजू नका. राउटर बंद असला तरी भिंतीवरून हीट चालतेच. ॲप ‘ऑफलाइन’ होणं हे इथे लक्षण आहे, कारण नव्हे.

सगळं एका झटक्यात गेलं, तर २४ व्होल्टच तुटले. त्या क्षणी बोर्डावरचा दिवा बघा. तोही विझलेला असेल तर स्विच, ब्रेकर, डोअर स्विच किंवा ट्रान्सफॉर्मर. दिवा चालू आणि वर अंधार असेल तर तार किंवा फ्लोट स्विच. नव्वद टक्क्यांवर कार्यक्षमता असलेल्या फर्नेसमधून पाणी निघतं. ते बाहेर नेणारी नळी कडाक्याच्या थंडीत गोठली की पाणी तुंबतं, फ्लोट वर येतो आणि कित्येक ठिकाणी तो थेट ‘आर’ तोडतो. ऊन आलं, नळी वितळली, पडदा परत. तुमचा पडदाही दुपारी परत येतो, म्हणून बॅटरीचा संशय असला तरी ती नळी एकदा बघाच. बोर्डावरचा फ्यूज, गाडीत असतो तसा ३ अँपिअरचा जांभळा किंवा ५ चा तपकिरी, उडाला असता तर पडदा आपोआप परत आलाच नसता. म्हणून तुमच्याकडे तो ठणठणीत असावा. पण इतरांसाठी सांगतो: स्वतः थर्मोस्टॅट बसवताना वीज चालू ठेवली आणि ‘आर’ ‘सी’ला टेकली की पहिला बळी त्याचाच. दोन-चार डॉलरचा फ्यूज. लोक नवा थर्मोस्टॅट घेऊन येतात.

क्वचित दोष खरोखर यंत्राचाही असतो. जानेवारी २०१६ मध्ये नेस्टच्या एका सॉफ्टवेअर अपडेटने बॅटऱ्या उतरून ऐन थंडीत पुष्कळ घरांतली हीट बंद पडली होती. आणि २०११-१२ चा पहिल्या-दुसऱ्या पिढीचा नेस्ट असेल तर ऑक्टोबर २०२५ पासून तो ॲपवरून चालत नाही, भिंतीवरून चालतो. ते बिघाड समजून फर्नेस उघडू नका.

तुमच्यासाठी कायमचा उपाय ‘सी’ तार. भिंतीतल्या भोकातून केबल हलकेच बाहेर ओढा. बऱ्याचदा बिनवापराची एक निळी तार मागे गुंडाळून ठेवलेली असते. फर्नेसच्या टोकालाही तीच तार शोधा, एक टोक बोर्डाच्या ‘सी’वर, दुसरं थर्मोस्टॅटच्या ‘सी’वर. रंगावर विश्वास ठेवू नका, दोन्ही टोकांना कुठली तार कुठे आहे ते बघूनच जोडा. मल्टीमीटर असेल तर ‘आर’ आणि ‘सी’मध्ये २४ ते २८ व्होल्ट एसी दिसायला हवेत. नुसते नाही, फर्नेस चालू असतानाही. बंद असताना २६ आणि मागणी लागताच २० च्या खाली, तर ट्रान्सफॉर्मर थकला आहे किंवा जोड ढिला आहे.

जादा तार नसेल तर दोन वाटा. इकोबी कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांच्या खोक्यातच ‘सी’ची उणीव भरून काढणारं पॉवर एक्स्टेंडर किट असतं, नेस्टसाठी पॉवर कनेक्टर वेगळा मिळतो. दोन्ही फर्नेसच्या बाजूला बसतात. नाहीतर ‘जी’ तारेला ‘सी’ करायचं आणि बोर्डावर ‘वाय’ व ‘जी’ जोडायचे. हीटिंगचा पंखा बोर्ड स्वतः चालवतो, एसी लागला की पंखाही लागतो. फक्त नुसता पंखा चालवण्याची सोय जाते.

तारा ओढल्याच आहेत तर ते भिंतीतलं भोक पुट्टीने बुजवून टाका. भिंतीच्या पोकळीतली गार हवा थेट सेन्सरवर येते आणि आकडा चुकतो. थर्मोस्टॅटखालीच समई किंवा लॅम्प ठेवला असेल तर उलट चूक, त्याला घर ऊबदार वाटतं.

हीट पंप, म्हणजे एकाच यंत्राने घर गरम आणि थंड करण्याची सोय, असणाऱ्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं घेऊ नये. तिथे नव्या थर्मोस्टॅटनंतर हीट लावल्यावर गार हवा आली तर ‘ओ/बी’ची, म्हणजे गरम-थंड पालटणाऱ्या व्हॉल्व्हच्या तारेची, सेटिंग उलटी असते. बहुतेक कंपन्या थंडाव्याला ‘ओ’ला वीज देतात, ऱ्हीम-रूड या कंपन्या उष्णतेला ‘बी’ला. इंग्लंडमधल्यांनी तर तारा मुळीच जोडून बघू नयेत. तिथे भिंतीवर २३० व्होल्ट असण्याची दाट शक्यता, आणि बॉयलरचं काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाचंच.

तोवर आईबाबांच्या खोलीत आपोआप बंद होणारा हीटर लावा, एक्स्टेन्शन कॉर्डवर नको, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये. ऊब यावी म्हणून ओव्हन किंवा गॅसच्या शेगड्या पेटवून ठेवू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते आजच तपासा. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता घराबाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन करा.

शनिवारी फिल्टर काढून अर्धा तास चालवा आणि ‘आर’-‘डब्ल्यू’ची चाचणी करा. मेकॅनिक बोलवावा लागलाच, तर फोनवर ‘थर्मोस्टॅट चालत नाही’ म्हणू नका. ‘आर-डब्ल्यू जोडल्यावर ज्योत अमुक मिनिटांनी विझते, दिवा इतक्या वेळा लुकलुकतो, आर-सीला इतके व्होल्ट आहेत’ असं सांगा आणि आतल्या पाटीचा फोटो पाठवा. तो बरोबर सुटा भाग घेऊनच निघेल.